तिसऱ्यांदा

सव्वाचारला तिच्या नखांचा आवाज आला,
लॅमिनेटवर कुणी पोहत असल्यासारखा.
दिवा लावला तर खसखस आडवी,
चारही पाय चालताहेत आणि ती जागच्या जागी.
डोळे डावीकडून उजवीकडे, टक्, टक्, टक्,
आत बसून कुणीतरी
एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असावं तसे.

पहिल्या वेळी मी रडले होते.
पक्षाघात, असं स्वतःच ठरवून
चपला उलट्यासुलट्या घालून गाडी काढली होती.
डॉक्टर ऑग्डननी तिच्या कानात उजेड धरून सांगितलं,
पक्षाघात नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारं काही असतं,
म्हातारपणी ते रुसतं. का, ते सांगता येत नाही.
बहुतेक वेळा रुसवा जातो.
बहुतेक वेळा.

आता टॉवेलाची झोळी तिच्या पोटाखालून घेते,
दोन्ही टोकं मुठीत, आणि आम्ही निघतो मागच्या दाराकडे
सहा पायांनी.
हडर्सफील्डमध्ये सपाट असं काही नाहीच,
अंगणसुद्धा बंद गिरणीच्या दिशेनं उतरतं.
ती डावीकडे कलंडते, मी उजवीकडे ओढते,
लघवी माझ्या स्लिपरवर होते.
शाब्बास, म्हणते मी. मनापासून म्हणते.

लहानपणी फुगडी थांबली की
मी शाळेच्या नळाला मिठी मारायचे.
हात सुटलेले, पाय थांबलेले,
आणि चिंच, घंटा, बाई, सगळं गरगर चालूच.
मिनिटभर टिकायचं ते.
तिचं परवापासून थांबलेलं नाही.
घर फिरलं की वासेही फिरतात, आई म्हणायची,
पण ती नातेवाइकांबद्दल.
खसखस भिंतीकडे संशयानं बघते.
एकदा फ्रिजवर भुंकते.

लुईसला फोन करून शिकवणी रद्द केली.
परीक्षा आठवड्यावर, आणि त्याला चढावर गाडी उचलता येत नाही,
जरा मागे सरकली की घाबरून सगळंच सोडून देतो.
त्याला मी सांगत असते,
ब्रेक सोडायची घाई नको,
गाडीनं रस्ता धरलाय हे आधी पायाला कळू दे.
तेच आता जमिनीवर बसून
तिला मराठीत सांगते आहे,
बोटावर मऊ भात, बिनमिठाचा.
इथे धर. इथे. धरलीस?

मिसेस हिंचक्लिफ कुंपणावरून लीकची जुडी देतात.
पावावरच्या काळ्या खसखशीवरून ठेवलेलं नाव
त्यांच्या तोंडात कॅसकॅस होतं.
कॅसकॅस कशी आहे? मग हळूच,
तिच्यासाठी काय बरं, याचाही विचार कर हं.
करते. सोफ्याच्या उशा खाली टाकून
तिच्या पाठीला पाठ लावून झोपते तेव्हा करते.
पाठीला काही टेकलं की तिचे पाय थांबतात,
हे कुणी सांगितलेलं नाही, सापडलं.
डॉक्टर म्हणाल्या, चौथ्यांदा झालं तर बसून बोलू.
चौथ्या वेळेचं चौथ्या वेळी.

नवव्या दिवशी ती एकटी दारापर्यंत गेली,
ढेकळांतून चालावं तशी.
परत येताना मध्येच बसली,
जणू तिथेच बसायचं होतं.
मान डावीकडे कललेली, ती आता तशीच राहणार.
बघते तेव्हा वाटतं, काहीतरी विचारते आहे.
मीही मान कलती करते,
तेवढ्यापुरती आमची नजर सरळ होते.

लुईस नापास झाला. चढावर नाही, पार्किंगमध्ये.

चॅरिटीच्या दुकानातून आणलेल्या योगाच्या चार मॅट,
दोन जांभळ्या, एक कडेनं कुरतडलेली,
मागच्या दोन्ही वेळी ती बरी होताच
धुऊन, गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या.
या वेळी राहू देते.
कडांना चिकटपट्टी मारत होते तेव्हा ती आली
आणि माझ्या गुडघ्याला टेकली,
तोल गेला म्हणून, की आपणहून.
मी हलले नाही.
कात्री पलीकडे राहिली होती.